अंगाला लावलेलं अंगात जातं

१९७२ साली फ्रान्समध्ये, मुख्यतः ईशान्येकडच्या आर्देन भागात, तान्ह्या मुलांना एक चमत्कारिक आजार होऊ लागला. आधी लंगोटाखालची कातडी लालभडक व्हायची, सोलवटायची. मग मूल किरकिरं व्हायचं, दूध ओकायचं, सुस्त पडायचं आणि त्याला झटके येऊ लागायचे. मेंदूला सूज चढत होती. डॉक्टरांचा पहिला संशय विषाणूवर गेला. मेंदूज्वरासारखंच ते दिसत होतं. प्रत्यक्षात धागा निघाला तो ‘मोरांज’ नावाच्या बेबी टाल्कपर्यंत. या पावडरच्या काही डब्यांत हेक्झाक्लोरोफिन नावाचं जंतुनाशक सहा टक्क्यांच्या आसपास मिसळलेलं होतं. पावडरमध्ये ते असायलाच नको होतं. डबे भरले जात होते तिथे एका पांढऱ्या भुकटीत दुसरी पांढरी भुकटी चुकून पडली, इतकाच काय तो अपघात. २०४ मुलं आजारी पडली आणि त्यांतली ३६ दगावली.

यातला सर्वांत क्रूर भाग वेगळाच आहे. बाळाचं ढुंगण लाल झालं की आई काय करणार? पुसून कोरडं करणार आणि थोडी जास्त पावडर लावणार. ज्या लालीवर ती पावडर मारत होती, ती लाली पावडरच वाढवत होती. आणि सोललेल्या कातडीतून विष अधिकच वेगाने आत उतरत होतं. निष्काळजी आईच्या मुलापेक्षा काळजी घेणाऱ्या आईच्या मुलाला धोका जास्त, असा हा उफराटा न्याय होता.

हेक्झाक्लोरोफिन हे तेव्हा कुणाला परकं नव्हतं. साबणात ते होतं, दुर्गंधीनाशकांत होतं. अमेरिकेतल्या कित्येक प्रसूतिगृहांत नवजात बाळांना त्याच्या तीन टक्क्यांच्या द्रावणाने अंघोळ घालत, कारण कातडीवरचे स्टॅफिलोकोकस जंतू त्याने मरत. पुढे अपुऱ्या दिवसांच्या, दगावलेल्या काही बाळांचे मेंदू तपासले तेव्हा त्यांत सूक्ष्म पोकळ्या सापडल्या. या बाळांना अशाच अंघोळी घातलेल्या होत्या. सप्टेंबर १९७२मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याचा खुला वापर थांबवला. हा निर्णय सोपा नव्हता, हेही सांगायला हवं. अंघोळी बंद झाल्यावर काही रुग्णालयांत स्टॅफिलोकोकसच्या साथी पुन्हा डोकं वर काढू लागल्या. आणखी एक योगायोग असा की १९७६ साली इटलीत सेवेसो इथे ज्या कारखान्यातून डायॉक्सिनचा ढग बाहेर पडला, तिथे बनणारं रसायन याच हेक्झाक्लोरोफिनचा कच्चा माल होतं. एका जंतुनाशकाने चार वर्षांत दोन देशांना रडवलं. फ्रान्सने १९७५ साली सौंदर्यप्रसाधनांसाठी स्वतंत्र कायदा केला तो मोरांजच्या धक्क्यामुळेच. तोवर चेहऱ्याला आणि अंगाला लावायच्या वस्तूंकडे औषधासारखं काटेकोरपणे पाहण्याची गरज कुणाला फारशी वाटली नव्हती.

कातडी म्हणजे रेनकोट आणि वरून लावलेलं वरच राहतं, हा आपला सर्वांचा पक्का समज असतो. मोठ्या माणसाच्या निरोगी कातडीपुरता तो बराचसा खराही आहे. बाळाचं गणित निराळं असतं. तीन किलोच्या बाळाच्या अंगाचं क्षेत्रफळ त्याच्या वजनाच्या मानाने मोठ्या माणसाच्या अडीचपटीहून जास्त भरतं. म्हणजे दोघांच्या सर्वांगाला एकाच जाडीचा थर लावला, तर दर किलो वजनामागे बाळाला कितीतरी मोठा डोस मिळतो. त्यात कातडीचा सर्वांत वरचा थर पातळ, आणि आत गेलेलं रसायन मोडून बाहेर टाकणारं यकृत नि मूत्रपिंड अजून कामाला पुरती लागलेली नसतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची कातडी तर पहिले काही आठवडे जवळपास उघडं दारच असते.

शिवाय सगळीकडची कातडी सारखी नसते. १९६७ साली फेल्डमन आणि माइबाख या दोघा संशोधकांनी मोठ्या पुरुषांच्या अंगावर निरनिराळ्या ठिकाणी हायड्रोकॉर्टिसोन लावून किती आत जातं ते मोजलं. हाताच्या पुढच्या भागातून जेवढं शिरलं, त्याच्या सहापट कपाळातून आणि तब्बल बेचाळीसपट वृषणाच्या कातडीतून शिरलं. आता बाळाला क्रीम, पावडर, तेल सगळ्यांत जास्त कुठे लागतं ते आठवा. नेमकं जांघेत आणि ढुंगणाला, आणि तेही वरून डायपर बांधून. औषध अधिक आत जावं म्हणून त्वचारोगतज्ज्ञ कधी कधी मलमावर मुद्दाम प्लास्टिक गुंडाळायला सांगतात. डायपर हेच काम न सांगता करतो.

आपल्याकडे या गोष्टीचा फटका बसतो तो स्टेरॉइडच्या मलमांतून. बाह्यरुग्ण विभागात येणारं एक नेहमीचं चित्र असं: पाच-सहा महिन्यांचं गुबगुबीत मूल, गाल इतके वर आलेले की डोळे बारीक दिसावेत. घरचे खूश, बाळाने छान बाळसं धरलंय. डॉक्टरांची नजर मात्र हातापायांकडे जाते, कारण ते गालांच्या मानाने काटकुळे असतात. कपाळावर बारीक लव दाट झालेली, रक्तदाब चढलेला, लांबी मात्र वाढायची थांबलेली. ‘बाळाला काही औषध चालू आहे का?’ ‘छे, काहीच नाही.’ ‘अंगाला काही लावता?’ ‘फक्त रॅशची क्रीम.’ ती क्रीम पिशवीतून निघते आणि नळीवर क्लोबेटासॉलचं नाव असतं. सौम्य हायड्रोकॉर्टिसोनच्या तुलनेत शेकडो पटींनी जोरकस असं हे स्टेरॉइड. त्याच्या जोडीला बुरशीनाशक आणि प्रतिजैविक, अशी खिचडी औषधाच्या दुकानात ‘खाजेची ट्यूब’ म्हणून मागितली की मिळत आली आहे. पहिल्या दोन दिवसांत लाली पळते, म्हणून घरात ट्यूबचं नाव होतं. मग प्रत्येक डायपरमागे ती लागते. स्टेरॉइड रक्तात उतरलं की शरीर स्वतःचं कॉर्टिसोल बनवणं थांबवतं. अशा वेळी घाबरून क्रीम एकदम बंद केली तर मूल साध्या तापातही कोसळू शकतं. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच उतरवावी लागते.

त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने या मलमांविरुद्ध बरीच वर्षं आवाज उठवल्यावर २०१८ साली केंद्र सरकारने १४ स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. कागदावर बंदी झाली, असं म्हणणं अधिक खरं. हीच मलमं गोरेपणाच्या क्रीम म्हणून घरात असतात आणि आईच्या गालावरून बाळाच्या गालावर जातात.

गोरेपणाच्या हव्यासातली दुसरी चीज म्हणजे पारा. कातडीचा रंग बनवणाऱ्या विकराला पारा अडवतो, म्हणून रंग खरोखर उजळतो, आणि तेच वाईट आहे. लोकांचा विश्वास बसतो. केरळात कोट्टक्कलच्या डॉक्टरांकडे २०२१ ते २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट आजाराचे २२ रुग्ण आले. त्यांतल्या १५ जणांत आजाराचा दुर्मिळ प्रकार आढळला आणि त्या १५पैकी १३ जण गोरेपणाच्या क्रीम लावत होते. ही मोठी माणसं होती. मुलांचा संबंध इथे येतो: पारा घरातल्या उबेने वाफ होऊन उडतो, आणि टॉवेल, उशी, हात यांना चिकटून फिरतो. २०१० साली अमेरिकेत कॅलिफोर्निया आणि व्हर्जिनियातल्या काही घरांची तपासणी झाली. घरातल्या बाया मेक्सिकोहून आलेली बिनलेबलची क्रीम लावत होत्या. क्रीमला कधी बोटही न लावलेल्या, त्याच घरातल्या मुलांच्या लघवीतही पारा सापडला. आपल्या नियमांत सौंदर्यप्रसाधनात पारा घालायला मनाई आहे. नकळत आलेला असला तरी तो दहा लाखांत एक भागापेक्षा जास्त चालत नाही, डोळ्यांभोवतीच्या प्रसाधनांना तेवढी सवलत आहे. पण आठवडी बाजारात, ब्यूटी पार्लरच्या काउंटरवर किंवा फोनवरून मागवलेल्या, बनवणाऱ्याचं नावच नसलेल्या डबीला नियम कोण वाचून दाखवणार?

आता काजळ. इथे आजीबाईंशी भांडण होण्याची शक्यता असल्यामुळे जरा फोड करून सांगतो. एरंडेल किंवा तुपाच्या दिव्यावर तांब्याचं भांडं धरून जमवलेली काजळी म्हणजे मुख्यतः कार्बन. त्यात शिसं मुळात नसतं. सुरमा मात्र परंपरेने गॅलेना या खनिजाच्या भुकटीचा असतो, आणि गॅलेना म्हणजे शिशाचं सल्फाइड. त्यात वजनाच्या ८६ टक्क्यांहून जास्त शिसंच असतं. बाजारातली डबी यांपैकी काय आहे ते रंगावरून ओळखता येत नाही. २०११ साली बोस्टनमध्ये सहा महिन्यांच्या एका बाळाच्या रक्तात नेहमीच्या तपासणीत जास्त शिसं निघालं. आईवडील नायजेरियाचे, डोळ्यांना ‘टिरो’ लावायची त्यांची पद्धत, आपल्या सुरम्याची बहीणच. डबीतली पूड तपासली तर ८२ टक्क्यांवर शिसं.

शिसं डोळ्यातून थेट मेंदूत जातं असं नाही. अश्रूंबरोबर ते नाकात, घशात उतरतं. आणि त्याहून सरळ वाट म्हणजे बाळाची मूठ. डोळा चोळला की तीच मूठ तोंडात. मोठ्या माणसाच्या आतड्यातून गिळलेल्या शिशापैकी दहा टक्क्यांच्या आसपास रक्तात जातं, लहान मुलाच्या आतड्यातून चाळीस-पन्नास टक्के. त्याची बुद्धी, लक्ष, वागणं या सगळ्यावर परिणाम होतो, आणि इतपत शिसं चालतं अशी सुरक्षित पातळी अजून सापडलेली नाही. घरच्या काजळीलाही पूर्ण मोकळीक देता येत नाही, कारण ती लावणारं बोट, त्याचं नख आणि बाळाचा अश्रुमार्ग या गोष्टी आहेतच. काजळाने डोळे मोठे होत नाहीत. दृष्ट लागण्याची भीती वाटत असेल तर तीट कानामागे लावावी. तळपायालाही लावतात, पण पाच-सहा महिन्यांचं मूल पायाचा अंगठा चोखतं, तेव्हा तोही पर्याय सांभाळूनच.

पावडरकडे परत येऊ. महाराष्ट्रात पावडरची मोठी बातमी झाली ती सप्टेंबर २०२२मध्ये. पुणे आणि नाशिकहून घेतलेल्या नमुन्यांचा सामू प्रमाणाबाहेर निघाला म्हणून राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने जॉन्सन अँड जॉन्सनच्या मुलुंडच्या कारखान्याचा बेबी पावडरचा परवाना रद्द केला. जानेवारी २०२३मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते आदेश रद्दबातल ठरवले. त्याच वर्षी कंपनीने जगभर टाल्कची बेबी पावडर बंद करून मक्याच्या पिठाची सुरू केली. टाल्कमधल्या ॲसबेस्टॉसवरून अमेरिकेत हजारो दावे चालू होते. आपला माल सुरक्षित असल्याचं कंपनी आजही सांगते. २०२४मध्ये कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने टाल्क ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकलं. या सगळ्या गदारोळात सामू आणि कर्करोग यांच्यावर पानंच्या पानं छापली गेली, पण बालरोगतज्ज्ञ त्याआधीपासून सांगत आलेली साधी गोष्ट मागे पडली, ती म्हणजे बाळाला पावडरची गरज नसते. मळ काढायला ती उपयोगी नाही. घामोळं झालं तर घामाने तिचे गोळे होऊन घडीत घासतात. आणि डबा तोंडाशी उपडा झाला, तर टाल्कचे न विरघळणारे कण श्वासनळ्यांत बसतात. लंगोट बदलताना रडू नये म्हणून बाळाच्या हातात खेळायला पावडरचाच डबा देतात. अशा प्रसंगांतून मृत्यू झाल्याच्या नोंदी आहेत. मक्याचं पीठ लावलं तरी श्वासाचा प्रश्न उरतोच. कॅरमच्या बोर्डावर टाकायची बोरिक पावडरही एके काळी लंगोटाखाली लावत. सोललेल्या कातडीतून बोरिक आत जाऊन बाळं दगावल्यावर ती पद्धत डॉक्टरांनी मोडून काढली.

कापराचं प्रकरण बऱ्याच घरांना झोंबेल. सर्दी झाली की खोबरेल तेलात कापूर विरघळवून छातीला चोळायचा, हा आपला घराघरातला उपाय. कापराने नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं. खरं तर तो थंडपणाची जाणीव चेतवतो, नाकातली सूज तशीच राहते. मज्जासंस्थेला मात्र तो खरोखर चेतवतो. पोटात गेल्यावर काही मिनिटांत आकडी येऊ शकते. अमेरिकेत पूर्वी वीस टक्के कापराचं तेल मिळे. त्याच्या एका चहाच्या चमच्यात एक ग्रॅम कापूर होतो, आणि तेवढा एखाद्या तान्ह्या मुलाचा जीव घ्यायला पुरतो. एरंडेल समजून ते पाजलं गेल्याने अनर्थ झाले. १९८२ साली तिथे ते बाजारातून हटवलं आणि पुढच्या वर्षी कोणत्याही मलमात अकरा टक्क्यांपेक्षा जास्त कापूर नको असा नियम केला. आपल्या वाटीत किती टक्के असतो? वडी किती मोठी आणि तेल किती गरम, यावर ते अवलंबून. दोन वर्षांखालच्या मुलाला कापराचा बाम लावू नये असं बाटलीवरच छापलेलं असतं, पण त्या अक्षराचा आकार पाहता ते वाचलं जावं अशी छापणाऱ्याची फारशी इच्छा दिसत नाही.

तेल-मालिशीबद्दल मात्र बोलायचं ते चांगलंच. ढाक्याच्या शिशू रुग्णालयात अपुऱ्या दिवसांच्या बाळांना सूर्यफुलाच्या तेलाची मालिश केली तेव्हा त्यांच्यातला जंतुसंसर्ग ४१ टक्क्यांनी घटल्याचं २००५ साली प्रसिद्ध झालं. पण तेल म्हटलं की सगळी सारखीच, असं नाही. इंग्लंडमध्ये सुमारे १४ हजार मुलांच्या पाहणीत, २००३ साली, शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलांचा इतिहास पाहिला. लहानपणी अंगाला शेंगदाणा तेल असलेली मलमं लावलेल्यांत ॲलर्जीचं प्रमाण ठळकपणे जास्त निघालं. पोटातून आधी आलेला शेंगदाणा शरीर बहुधा आपला मानतं; खरवडलेल्या कातडीतून आधी आला तर शत्रू मानतं. ज्या बाळाच्या गालावर, कोपरांत इसब आहे त्याला बदाम-तीळ-डाळीच्या पिठाचं उटणं घासण्याआधी हे आठवावं.

वरून लावण्यापेक्षा तोंडात जाणं हा मोठ्या मुलांचा, म्हणजे चालू लागलेल्यांचा, धोका आहे. २००२ ते २०१६ या पंधरा वर्षांत अमेरिकेत पाच वर्षांखालची अंदाजे ६४,६८६ मुलं अंगाच्या नि केसांच्या प्रसाधनांमुळे तातडीच्या विभागात आली. दर दोन तासांनी एक म्हणा ना. चारांतल्या तिघांनी ती वस्तू गिळली होती. एकटी वस्तू म्हणून पहिला नंबर नेलपॉलिश काढायच्या पाण्याचा. यात नवल नाही. सुगंध फळाचा, रंग सरबताचा, बाटलीवर फुलांचं चित्र, आणि दोन वर्षांच्या मुलाला अजून वाचता येत नाही. बेबी ऑइल दिसायला सर्वांत निरुपद्रवी. ते खनिज तेल पातळ असतं, गिळताना ठसका लागला की पोटाऐवजी फुप्फुसात पसरतं आणि तिथे दाह होतो. म्हणून २००१ साली अमेरिकेत अशा पातळ तेलांना मुलांना न उघडणारी टोपणं सक्तीची झाली.

गोव्याच्या किनाऱ्यावर हातावर काढून घेतलेली काळी नक्षी हा अलीकडचा प्रकार. मेंदी तांबूस रंगते. अर्ध्या तासात कुळकुळीत काळा रंग येत असेल, तर त्यात केसांच्या कलपातलं पीपीडी असण्याची शक्यता दाट. आठवड्याभरात नक्षीच्या रेषांवरच फोड उठतात, आणि ते बरे झाले तरी शरीर पीपीडीला विसरत नाही. पुढे वीस-पंचवीस वर्षांनी पहिल्यांदा केस रंगवताना तोंड सुजतं ते या सुट्टीमुळे. आठ-दहा वर्षांच्या मुलींनी वयाच्या खुणा पुसणारी रेटिनॉलची क्रीम चोपडायची, ही तर आणखी ताजी लाट. २०२४ साली स्वीडनमधल्या एका मोठ्या औषधविक्रेत्या साखळीने अशी उत्पादनं पंधरा वर्षांखालच्यांना विकणं थांबवलं. ज्या सुरकुत्या अजून तीस वर्षं येणार नाहीत त्यांच्यावर इलाज करून गाल लाल करून घ्यायचे, यावर काय बोलावं!

मग लावायचं काय? जन्माला येताना बाळाच्या अंगावर जो पांढरा चिकट थर असतो, तो घाईने धुऊन काढू नये, पहिली अंघोळ निदान चोवीस तास पुढे ढकलावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पुढे साधं पाणी, वास नसलेलं तेल किंवा मलम, लंगोटाखाली झिंक ऑक्साइडचं जाड मलम आणि दिवसातून काही वेळ उघडं ढुंगण, एवढ्यावर बहुतेक बाळांचं भागतं.

आणि गिळलंच तर उलटी काढायला लावू नये. तेल, नेलपॉलिशचं पाणी यांसारख्या गोष्टी वर येताना दुसऱ्यांदा फुप्फुसात जातात. डोळ्यात गेलं तर वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवावं, मूल कितीही रडो. दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये विषबाधेची माहिती देणारं राष्ट्रीय केंद्र दिवसरात्र फोन घेतं, नंबर आधीच फोनमध्ये घालून ठेवावा. रुग्णालयात जाताना बाटली, ट्यूब, जे काही असेल ते पिशवीत घालून न्यावं. बिननावाची क्रीम असेल तर ती आठवणीने न्यावी, कारण तिच्यात काय आहे ते कुठेही लिहिलेलं नसतं आणि ते शोधायला डॉक्टरांच्या हाती तेवढा एकच नमुना असतो.